शामा नायकिणीची लेक : संत कान्होपात्रा

बैहरकडे कान्हा म्हटलं की आधी जंगल आठवतं. मुक्कीचं गेट, सालाची दाट झाडी, बारासिंग्यांचे कळप. हे नाव तिथल्या कन्हार मातीवरून पडलं, असं सांगतात. कान्होपात्रा या नावातला कान्हो मात्र कृष्णाचा. पंढरपूर इथून शेकडो कोस लांब. तरी बालाघाट, वारासिवनी, लांजी, बैहर या पट्ट्यातल्या मराठी घरांना हे नाव परकं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होता. मग शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट इकडे राहिला. नकाशावर रेघ पडली, अभंगांवर पडली नाही. रेडिओवर नाट्यगीतांच्या शेवटी भैरवी लागते, त्यातली एक ठरलेली भैरवी कान्होपात्रेची असते. ऐकणाऱ्यांना ती संत होती एवढं माहीत असतं. ती कोणाची मुलगी, हे सांगायची वेळ आली की सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो.

ती नायकिणीची मुलगी होती. आईचा धंदा गाण्याचा, नाचण्याचा आणि पैसेवाल्या पुरुषांच्या सोबतीचा. मुलीनं तेच करायचं, हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. मुलीनं नाही म्हटलं. त्या नकाराची गोष्ट नंतर शेकडो लोकांनी आपापल्या परीनं सांगितली. कीर्तनकारांनी, चरित्रकारांनी, नाटकवाल्यांनी, सिनेमावाल्यांनी. पण तिचे स्वतःचे शब्दही थोडे शिल्लक आहेत. तिच्या नावावर तीसेक अभंग सांगितले जातात, त्यातले तेवीस गाथेत छापलेले सापडतात. नायकिणीच्या घरात जन्मलेल्या बाईनं स्वतःबद्दल मराठीत बोलल्याचा हा फार जुना पुरावा आहे, आणि तो पुरावा म्हणून क्वचितच वाचला जातो.

मंगळवेढ्याचा वाडा

सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं आज ज्वारीसाठी प्रसिद्ध. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. गाव मात्र लहान इतिहासाचं नाही. कल्याणीचे कलचुरी राजे आधी इथलेच. कलचुरी हे नाव जबलपूरजवळच्या त्रिपुरीमुळे आपल्याकडच्या लोकांना ओळखीचं आहे. दक्षिणेतल्या त्या घराण्याचं मूळ ठाणं मंगळवेढं. चोखामेळा मंगळवेढ्याचा, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये तिथेच दबून गेला. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजीपंतही मंगळवेढ्याचेच. म्हणजे एकाच गावातून एक महार, एक ब्राह्मण कारभारी आणि एक नायकिणीची मुलगी, असे तिघे वारकऱ्यांच्या यादीत जाऊन बसले. असं गाव दुसरं सहज सापडणार नाही.

कान्होपात्रेच्या जन्म-मृत्यूची सालं वेगवेगळी दिली जातात, पण पंधरावं शतक हे बहुतेकांना मान्य आहे. कथेत बिदरचा बादशहा येतो, आणि बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली ती पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. मंगळवेढं तेव्हा त्या राज्याच्या अमलाखाली होतं.

आईचं नाव शामा. पैसाअडका बक्कळ, वाडा मोठा, नोकरचाकर हाताखाली. कान्होपात्रेला लहानपणापासून गाणं आणि नाच शिकवला. ती दिसायला विलक्षण सुंदर होती, असं सगळ्या कथा सांगतात. संतांच्या चरित्रात रूपाचं एवढं वर्णन सहसा येत नाही. तुकोबा दिसायला कसे होते याची चर्चा कोणी करत नाही. इथे मात्र पहिल्या ओळीपासून रूप, कारण रूप हाच त्या घराचा माल होता, आणि लिहिणाऱ्याची नजरही त्यातून सुटलेली नाही.

शामाला बहुतेक कथांनी हावरट बाई करून टाकलंय. मुलीला बाजारात बसवायला निघालेली आई, एवढंच तिचं काम. पण जरा तिच्या बाजूनंही बघायला हवं. नायकिणीचं म्हातारपण मुलीवर अवलंबून. वय झालं की गिऱ्हाईक येत नाही, शेतजमिनीचा वारसा नाही, नवरा नाही, दीर-भावजय नाही. मुलगी धंद्यात आली तर घर चालतं, नाही आली तर वाडा विकावा लागतो. शिवाय मुलीचं लग्न लावायचं म्हटलं तरी नायकिणीच्या पोरीला कोण्या घरानं सून म्हणून उंबरा ओलांडू दिला असता? शामा मुलीसमोर दोन वाटा ठेवत नव्हती. समाजानं तिलाच एक वाट दिली होती, तीच ती पुढे दाखवत होती.

अठराव्या शतकात महिपतीबुवा ताहराबादकरांनी ‘भक्तविजय’ लिहिला, १७६२ मध्ये. कान्होपात्रेची सगळ्यात गाजलेली कथा त्यातलीच. शामा मुलीला राजाकडे चल म्हणते, त्याला खूश केलं की दागदागिने, कापडचोपड, काही कमी पडणार नाही म्हणते. मुलगी सांगते, माझ्याहून देखणा पुरुष असेल तरच मी त्याची होईन, आणि असा पुरुष मला तर कुठे दिसत नाही. वाचताना ही गर्वाची भाषा वाटते. पण जिला सरळ नाही म्हणायची मुभा नाही, ती पोर दुसरं काय बोलणार? तिनं अट घातली, आणि अट अशी की जी कोणाला पुरी करता येऊ नये.

एकदा पंढरीला निघालेली दिंडी त्यांच्या दारावरून गेली. टाळ, मृदंग, नाचणारी माणसं. गाणं आणि नाच तर तिच्याही घरात होताच, पण हे लोक कोणाला रिझवायला नाचत नव्हते. तिनं विचारलं, कुठे निघालात. त्यांनी विठ्ठलाचं वर्णन केलं. मग तिनं विचारलं, मी आले तर तो मला पदरात घेईल का. वारकऱ्यांनी सांगितलं की कुब्जा कुरूप होती, तिलाही त्यानं घेतलं. तुला का नाही घेणार. ती आईला विचारून की न विचारता निघाली यावर कथांचं एकमत नाही. वीणा घेऊन दिंडीत गेली असं कोणी सांगतं. मोलकरणीच्या वेषात रात्री पळाली, हौसा नावाच्या म्हाताऱ्या दासीनं मदत केली, असं दुसरे सांगतात.

या दुसऱ्या कथेत आणखी एक माणूस आहे, सदाशिव मालगुजार. गावातला पैसेवाला. त्याला कान्होपात्रेचा नाच बघायचा होता, तिनं नकार दिला. मग त्यानं मायलेकींचा छळ मांडला. शामानं त्याला सांगितलं की ही तुझीच मुलगी आहे, तरी त्यानं मानलं नाही. हळूहळू वाड्यातला पैसा आटला. शेवटी हतबल होऊन शामा मुलीला त्याच्या हवाली करायला तयार झाली, तेव्हा मुलगी पळाली.

ही कथा खरी की नंतर जोडलेली, हे सोडून द्या. पण तिच्यात जे आहे ते बादशहाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त अंगावर येतं. बाप कोण हे ठाऊक असूनही बाप म्हणून जो उभा राहत नाही, तोच गिऱ्हाईक म्हणून दारात येतो. बादशहा परका, परधर्माचा, लांबचा. त्याला खलनायक करणं सोपं जातं. मालगुजार गल्लीतला. म्हणूनच बहुधा कीर्तनात बादशहा राहिला आणि मालगुजार मागे पडला.

पंढरपूर

पंढरपुरात ती राहिली. गावाबाहेर झोपडी बांधली, चंद्रभागेत स्नान, देवळात भजन, झाडलोट, असा तिचा दिवस सांगितला जातो. किती दिवस, किती वर्षं, हिशेब नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वारकरी पंथातल्या बाकीच्या स्त्री संत बघा. मुक्ताबाई ज्ञानेश्वरांची बहीण. जनाबाई नामदेवांच्या घरची. सोयराबाई चोखोबांची बायको, निर्मळा बहीण. नंतरच्या बहिणाबाईंना तुकोबा गुरू. प्रत्येकीच्या मागे कोणी पुरुष उभा आहे. कान्होपात्रेच्या मागे कोणी नाही. गुरू नाही, भाऊ नाही, नवरा नाही, परंपरेत तिला जागा करून देणारं घर नाही. ती एकटी आली आणि एकटी राहिली. देवळात रोज येणारी देखणी, तरणी, एकटी बाई आणि तीही नायकिणीची पोर. पंढरपूरनं तिच्याकडे कसं बघितलं असेल याचा अंदाज कोणत्याही तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला सहज करता येईल.

तिचे अभंग याच काळातले मानायचे. त्यात काय आहे?

एक तर ती आपली जात लपवत नाही. आपण यातिहीन आहोत, आचारविचार आपल्याला ठाऊक नाहीत, असं ती उघड बोलते. आता इतर संतही स्वतःला पतित, पापी म्हणवतात. ती भक्तीची रीत आहे. पण चांगल्या घरच्या माणसानं स्वतःला पतित म्हणणं वेगळं, आणि जिला गाव खरोखरच त्या नावानं ओळखतं तिनं म्हणणं वेगळं. तिच्या तोंडी तो शब्द नम्रता म्हणून येत नाही. तो तिचा पत्ता आहे.

दुसरं म्हणजे ती आपल्या आधीच्यांचा दाखला काढते. नाम घेऊन तरलेल्यांच्या यादीत अजामिळ आहे, वाल्मीकी आहे, आणि गणिका आहे. पुराणातली गणिका म्हणजे तिच्याच धंद्यातली. कोर्टात वकील जसा जुना निकाल पुढे ठेवतो, तसं तिनं देवापुढे ठेवलंय की माझ्यासारखी एक तू आधी घेतली आहेस.

तिसरा अभंग कमी गायला जातो, पण तो फार महत्त्वाचा. विषयसुखाच्या नादानं कोणाकोणाचा नाश झाला याची त्यात यादी आहे. इंद्राच्या अंगाला भोकं पडली, भस्मासुराची राख झाली, चंद्राला डाग लागला, रावणाचा जीव गेला. यादी वाचून झाली की लक्षात येतं, सगळे पुरुष आहेत. आपल्या साहित्यात वेश्येमुळे पुरुष बुडाला, घर धुळीला मिळालं, अशा गोष्टींचा ढीग आहे. वेश्येच्या घरात वाढलेली मुलगी मात्र हिशेब उलट मांडते. बुडणारे आपल्या वासनेनं बुडाले, असं ती म्हणते. हे तिला पोथीतून शिकायची गरज नव्हती. दिवाणखान्याच्या पडद्याआडून तिनं लहानपणी तेच पाहिलं असणार.

आणि एक गोष्ट. ती विठ्ठलाला आई करते. विठाबाई म्हणते. इतर संतही करतात, तरी जिच्यामागे सगळे पुरुष लागलेत तिनं देवातलं पुरुषपण काढून टाकणं याला वजन आहे.

शिपाई दारात

तिच्या रूपाची बातमी बिदरला गेली. कोणी पोचवली यावरही कथा वेगवेगळ्या. बादशहानं शिपाई पाठवले. हुकूम असा की ती राजीखुशीनं आली तर ठीक, नाहीतर उचलून आणा. शिपाई पंढरपुरात आले, देवळाला वेढा पडला. तिनं त्यांना विनवलं की एकदा विठ्ठलाला बघून येते. ते बाहेर थांबले.

सगळ्यात प्रसिद्ध अभंग या प्रसंगातला सांगतात. त्यात वाघानं धरलेल्या पाडसाची उपमा आहे, आता अधिक परीक्षा बघू नको अशी कळवळ आहे. दुसऱ्या एका अभंगात ती देवाला चक्क टोचून बोलते. सिंहाचा घास कोल्ह्यानं पळवला तर लाज कोणाला, थोराचीच ना? माझं शरीर मी तुझ्या पायाशी ठेवलंय, आता ते दुसऱ्याच्या हातात गेलं तर नाव तुझंच जाईल. यात रडणं कमी आणि हक्क सांगणं जास्त आहे. देहाचा व्यवहार जिथे रोजचा, त्या घरातली मुलगी सांगते आहे की या देहाचं काय करायचं ते मी ठरवलंय, आणि व्यवहार पुरा झालाय. या अभंगांत बादशहाचं नाव नाही, बिदर नाही. वाघ आहे आणि कोल्हा आहे. कोणताही पुरुष त्यात बसतो.

मग ती देवाच्या पायाशी गेली आणि तिचा प्राण गेला. कीर्तनात म्हणतात की ज्योत ज्योतीत मिळाली. महिपतीबुवांच्या कथेत मात्र देह मागे उरतो, आणि पुजारी तो देवळाच्या दक्षिणेकडच्या अंगाला पुरतात. तिथे लगेच तरटीचं झाड उगवतं. शिपायांना वाटतं की पुजाऱ्यांनी तिला लपवलं, म्हणून ते पुजाऱ्याला पकडून बिदरला नेतात. पुजारी प्रसादाचा नारळ देतो, त्यात केस निघतो, बादशहा विचारतो हा कोणाचा, पुजारी म्हणतो देवाचा. मग बादशहा स्वतः पंढरपुरात येतो, मूर्तीच्या माथ्यावर केस बघतो, शरण जातो. म्हणजे गोष्टीच्या शेवटी खलनायकाचाही उद्धार होतो आणि पुजाऱ्याचाही जीव वाचतो. मेली ती फक्त मुलगी.

चमत्कार मानणाऱ्यांनी मानावा. त्याला हरकत असायचं कारण नाही. पण चमत्काराच्या खाली एक साधी घटना आहे, तीही डोळ्यांआड होऊ नये. दारात शिपाई उभे असताना एक तरुण बाई देवळाच्या आत मेली. तिनं जीव दिला असेल, भीतीनं गेला असेल. तो मृत्यू नैसर्गिक म्हणता येत नाही.

शामाचा उल्लेख या सगळ्या धामधुमीत परत येत नाही. लेक संत झाली, देवळात तिचं झाड झालं, आणि आईला कथेनं मंगळवेढ्यातच सोडून दिलं.

दुसऱ्यांनी सांगितलेली बाई

१९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ‘कान्होपात्रा’ रंगमंचावर आणलं. नाटक ना. वि. कुलकर्णी यांचं, संगीत मास्टर कृष्णरावांचं, कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व. रेडिओवरची ती भैरवी या नाटकातली. घराघरात तिचं नाव गेलं ते या गाण्यांमुळे, हे मान्यच करायला हवं. पण तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं रंगमंचावर उभं राहणं म्हणजे नायकीण होणं, अशी समजूत होती, म्हणून बायकांच्या भूमिका पुरुष करत. म्हणजे नायकिणीच्या मुलीची गोष्ट सांगायला नायकिणीची मुलगी चालत नव्हती. १९३७ मध्ये भालजी पेंढारकरांनी तिच्यावर सिनेमाही काढला.

या बायकांबद्दल लिहिण्याच्या आपल्याकडे दोन-तीनच रीती पडल्या आहेत. एक, ती पश्चात्ताप करून देवाकडे जाते. दोन, ती मनानं सोन्यासारखी असते आणि शेवटी कोणी तिला घरची लक्ष्मी करतो. ‘मृच्छकटिक’ नाटकातली वसंतसेना त्यातलीच. तीन, ती पोटासाठी पिचून मरते. मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ ची. उर्दूतली ही तवायफ स्वतः बोलते आहे असं वाटतं, पण लेखणी पुरुषाची. मराठीत १९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं मुंबईच्या त्या गल्ल्या कवितेत आणल्या. ढसाळ तिथेच वाढलेले, त्यामुळे त्यात दयेचा सूर नाही. तरी तोही शेजाऱ्याचा आवाज.

स्वतः बोलणाऱ्या फार थोड्या. पाली भाषेतल्या थेरीगाथेत बौद्ध भिक्षुणींच्या कविता आहेत, त्यात वैशालीची आम्रपाली आहे, विमला आहे, अड्ढकासी आहे. तिघी आधी गणिका. अड्ढकासीचा दर काशीच्या उत्पन्नाच्या हिशेबात सांगितलेला आहे. कान्होपात्रेच्या दीड-दोन हजार वर्षं आधीच्या या बायका. तिला त्यांची नावं कुठून कळणार. पण तीच वाट. धंदा सोडून धर्मात शिरायचं आणि तिथे उभं राहून मागच्या आयुष्याबद्दल बोलायचं. धर्मात शिरल्याशिवाय त्यांचं बोलणं कोणी जपून ठेवलंच नसतं, हेही तितकंच खरं.

मराठीत पुढचा आवाज ऐकू येतो तो थेट विसाव्या शतकात. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केलं आणि खंडोबाला मुली वाहून मुरळी करण्याच्या चालीवर त्यातून हल्ला चढवला. त्या मासिकात शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीनं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, आपली स्थिती सांगितली, संसार करायची इच्छा सांगितली. पुढे तिचं लग्नही झालं. कान्होपात्रेला जे नाकारलं गेलं, तेच शिवूबाईनं छापील कागदावर मागितलं आणि मिळवलं. देवाच्या दारात नव्हे, मासिकाच्या पानावर.

बंगालीत विनोदिनी दासी या गणिकेच्या घरातून आलेल्या नटीनं १९१२ च्या सुमाराला आपली हकीकत छापली. मानदा देवी यांचं आत्मचरित्र १९२९ चं. मल्याळममध्ये नलिनी जमीला यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं आणि केरळात गदारोळ झाला. जमीला यांनी आपली गोष्ट आधी दुसऱ्याकडून लिहून घेतली होती. छापून आल्यावर ती त्यांना आपली वाटली नाही, म्हणून त्यांनी ती पुन्हा, आपल्या म्हणण्याप्रमाणे लिहवून घेतली. धंदा हे काम आहे, आणि मी ते केलं, असं त्या सांगतात. पश्चात्ताप करून दाखवत नाहीत. लोकांना राग आला तो त्याचा.

कान्होपात्रेला दुसरी आवृत्ती काढायची सोय नव्हती. तिचे अभंग वारकऱ्यांच्या तोंडून तोंडी चालत आले. त्यांनी ते टिकवले हे उपकारच. पण कोणते टिकवायचे हेही त्यांनीच ठरवलं. मंगळवेढ्याच्या वाड्याबद्दल, आईबद्दल, रात्री पळून जातानाच्या भीतीबद्दल ती कधी काही बोलली असेल, तर ते देवाचं गाणं नव्हतं म्हणून कोणी पाठ केलं नसेल.

तिचा नकार वाचताना एक घोळ होतो. ती या धंद्याला नाही म्हणाली म्हणून बाकीच्या बायका वाईट, असा अर्थ कीर्तनात काढला जातो. तिच्या प्रसिद्ध अभंगांत दुसऱ्या बाईबद्दल असा वाईट शब्द नाही. तिला नको होतं, एवढंच. आजही मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात, मंदसौर-नीमचकडे, अशा वस्त्या आहेत जिथे आईचा धंदा मुलीकडे येतो आणि घर तिच्या कमाईवर चालतं. तिथल्या मुलीला नाही म्हणता यावं, आणि ज्या आईनं तोच धंदा केला तिच्यापासून तिला तोडूही नये, या दोन्ही गोष्टी एकदम लागतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात जे निर्देश दिले, त्यात या बायकांशी पोलिसांनी माणसासारखं वागावं हे आहे, आणि आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून काढून घेऊ नये, हेही आहे. शामाची बाजू कोणीतरी कागदावर घेतली, ती पाचशे वर्षांनी.

देवळात

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या आवारात कान्होपात्रेचं स्थान आहे, तरटीच्या झाडाशी. दर्शनाला येणारे तिथेही हात जोडतात. मंदिराच्या आत समाधी असलेली ती एकटीच. नामदेवांची पायरी दाराशी, चोखोबांची समाधी त्याच्यासमोर, देवळाच्या बाहेर. चोखोबांच्या जातीच्या लोकांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं. साने गुरुजी त्या वर्षी मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा दार उघडलं.

म्हणजे मंगळवेढ्याहून दोघं निघाली. एक सगळं आयुष्य अभंग गात दाराबाहेर राहिला. दुसरी आत गेली, पण जिवंत बाहेर आली नाही. मंगळवेढ्यातही तिचं छोटं देऊळ आहे. आषाढीला पंढरपूरकडे जाणारे वारकरी तिचे अभंग आजही चालताना म्हणतात, त्यात बायकांचा आवाज मोठा असतो.